म्हातारीला जेवायला देत नाहीत!

आमच्या पार्सेतच नव्हे, पेडणे तालुक्यात कुठल्याही गावात एखाद्या घराची अब्रू घालवायची असेल तर फार काही करावं लागत नाही. "म्हातारेक जेवंक दिनात" एवढं एक वाक्य पुरतं. हे वाक्य एकदा वाड्यावर फिरलं की त्या घरच्या सुनेने पुढे दहा वर्षं मान खाली घालून चालायचं. खरं काय आणि खोटं काय, याची चौकशी करायची कुणाला गरज वाटत नाही. कारण सांगणारी व्यक्ती दुसरीतिसरी कुणी नसते, ती म्हातारी स्वतःच असते!

हे वाक्य मीही ऐकलं आहे, माझ्या स्वतःच्या आईच्या तोंडून. आणि त्यावर विश्वास ठेवून मी जे केलं, त्याची टोचणी आजही आहे. म्हणूनच हा लेख.

मी नोकरीमुळे म्हापशाला राहतो. पार्सेच्या घरी दादा, वहिनी, त्यांची मुलं आणि आई. दर रविवारी मी आईला भेटायला जायचो. 2015 च्या सुमारास तिने एका रविवारी मला हळूच माजघरात नेलं आणि सांगितलं, "पुता, चार दीस म्हाका जेवंक दिलें ना." मी हादरलो. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. मग तिच्या पाटल्या वहिनीने चोरल्या म्हणून सांगितलं. मी दादाला काही बोललो नाही, पण वहिनीशी नीट बोलणंच सोडून दिलं. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणालो, "वयनी, आवयचो शाप लागता हां!" ती काही बोलली नाही, चूल फुंकत राहिली.

पाटल्या पुढे तांदळाच्या डब्यात सापडल्या. एका जुन्या चोळीत गुंडाळून आईनेच ठेवल्या होत्या. तरीही माझे डोळे उघडले नाहीत. मी मनाशी म्हटलं, सुनेच्या भीतीने लपवल्या असतील बिचारीने!

शेवटी 2017 च्या चवथीला वहिनी मला म्हणाली, "भावजी, तुमी चार दीस हांगा रावात आनी पळयात." मी रजा टाकून राहिलो, आणि पाहिलं.

चवथीच्या दिवशी दुपारी आई माझ्या शेजारी बसून जेवली. भात, खतखतं, वडे, दोन नेवऱ्या. मी स्वतः तिला वाढलं. तासाभराने शेजारची एक काकी गणपती पाहायला आली. आईने तिचा हात धरला आणि म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही गो, मला कुणी विचारतही नाही. मी तिथेच बसलो होतो! त्या काकीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने मी दोन वर्षं वहिनीकडे पाहत होतो.

आई खोटं बोलत नव्हती. हेच समजून घ्यायला हवं. तिच्या दृष्टीने ती खरोखरच जेवली नव्हती. जेवण झालं होतं, पण त्या जेवणाची नोंद मेंदूत झालीच नव्हती. आम्हा कारकुनांच्या भाषेत सांगायचं तर कागद आला, पण आवक रजिस्टरात चढलाच नाही. मग तो आला होता हे कशावरून म्हणणार?

याच आईने त्याच रात्री फुगड्यांची गाणी एकही शब्द न चुकता म्हटली. लग्नाआधीच्या गोष्टी, कुणाच्या बागेत किती काजू, कोण कुणाची कोण, सगळं तोंडपाठ. जमलेल्या बायका म्हणाल्या, "हिच्या यादीक कितें जालां? आमच्यापरस बरी!" इथेच आपण सगळे फसतो. अल्झायमरमध्ये साधारणपणे मेंदूचा नव्या आठवणी साठवणारा भाग आधी बिघडतो. जुन्या आठवणी, विशेषतः गाणी आणि आरत्या, बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आठवणं हा स्मरणशक्ती ठीक असल्याचा पुरावा होत नाही. आज सकाळचं आठवतं का, ते पाहावं लागतं.

आता कुणी म्हणेल, आपल्या लोकांना हा आजार ओळखता येत नाही. मला हे पटत नाही. ओळखता येतो, चांगलाच येतो. आपल्या भाषेत त्याला शब्दसुद्धा आहेत. "साठी बुद्धी नाठी" हे काय आहे? "म्हातारचळ" हे काय आहे? "म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण" हे कशाचं वर्णन आहे? आपल्या पूर्वजांनी लक्षणं बरोबर टिपली होती. चुकलं ते नाव. आजाराला आपण वय म्हटलं, स्वभाव म्हटलं, बाहेरची बाधा म्हटलं आणि सर्वांत वाईट म्हणजे सुनेचा दोष म्हटलं. स्मृतिभ्रंश हा चांगला संस्कृत शब्द आपण आजाराला दिला खरा, पण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो येतो तो क्रोधाचा परिणाम म्हणून! म्हणजे तिथेही वास दोषाचाच.

हे माझं एकट्याचं मत नाही. 2001 साली विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स या दोन मनोविकारतज्ज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो आपल्या गोव्यातच केलेला होता. वृद्धांशी, त्यांची काळजी घेणाऱ्यांशी आणि गावात काम करणाऱ्या आरोग्यसेवकांशी बोलून त्यांनी पाहिलं की लोकांना ही लक्षणं माहीत आहेत का. माहीत होती! लोक त्याला मेंदूचा अशक्तपणा म्हणत, पण आजार मानत नव्हते, वयाचाच भाग समजत. आणि तो कशामुळे होतो असं लोकांना वाटत होतं? मुलांनी हेळसांड केल्यामुळे, प्रेम न दिल्यामुळे, छळ केल्यामुळे. हे वाचलं तेव्हा मला माझाच चेहरा आरशात दिसल्यासारखं झालं.

या गैरसमजाचा परिणाम काय होतो पाहा. आजार म्हणजे घरच्यांचा गुन्हा असं गावाने ठरवलं की घरचे तो आजार लपवतात. म्हातारीला पाहुण्यांसमोर आणत नाहीत, लग्नकार्याला नेत नाहीत, डॉक्टरकडेही नेत नाहीत. दार बंद होतं. मग गाव म्हणतं, बघा, कोंडून ठेवलंय! म्हणजे आपला संशयच पुढे आपला पुरावा होतो.

खरं तर संशय हा या आजारात किती मुरलेला असतो, हे त्याच्या जन्मकथेतच आहे. 1901 साली जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात अलॉइस अल्झायमर या डॉक्टरने 51 वर्षांच्या एका बाईला तपासलं. 1906 साली ती वारली, त्याच वर्षी अल्झायमरने तिची हकीगत एका सभेत मांडली आणि पुढे त्याचंच नाव या आजाराला मिळालं. त्या बाईचं पहिलं ठळक लक्षण विसरणं नव्हतं. नवऱ्यावरचा संशय होता! जगातल्या पहिल्या नोंदलेल्या रुग्णाच्या नवऱ्यालाही शेजाऱ्यांनी काय काय म्हटलं असेल, देव जाणे.

मग ओळखायचं कसं? मी डॉक्टर नाही. पण सहा वर्षं घरात पाहिलं आणि नोकरीत टेबलापलीकडच्या माणसांत पाहिलं, त्यावरून चार गोष्टी सांगतो.

विसरणं सगळ्यांचंच होतं. चष्मा कुठे ठेवला हे मीही विसरतो. कुणी आठवण करून दिली की "अरे हो!" म्हणतो. आजारात हा "अरे हो" येत नाही. आठवण करून दिली तरी ती गोष्ट घडलीच नाही असं वाटतं. तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचदा येतो आणि प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच विचारल्यासारखा असतो.

दुसरं, हातात बसलेलं काम बिघडतं. चाळीस वर्षं माशांचं हुमण करणारी बाई मीठ दोनदा घालते किंवा मासे आधी टाकून वाटण मागाहून शोधत बसते. आमची आई माटोळी बांधताना खाली उभी राहून प्रत्येक फळाचं नाव सांगायची, मुलांकडून वदवून घ्यायची. त्या चवथीला ती नुसती वर पाहत राहिली. साध्या वस्तूंची नावं सापडेनाशी होतात. विळीला "तें कापपाचें" म्हटलं जातं.

तिसरं, वेळेचा आणि जागेचा गोंधळ. दिवेलागणीला हा त्रास पुष्कळदा वाढतो. आई उन्हं उतरली की पिशवी घेऊन ओट्यावर यायची. "म्हाका घरा वचूंक जाय." आये, हेच तुझं घर, असं समजावलं की आणखी चिडायची. तिला जायचं होतं ते माहेरच्या घरी, साठ वर्षांपूर्वीच्या. वडील जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी ते शेतावरून का आले नाहीत म्हणून विचारायची. आम्ही "बाबा वारले" म्हणून सांगायचो आणि दर वेळी ती नव्याने रडायची. हे सत्य सांगणं नव्हतं, रोज नवं सुतक घालणं होतं. पुढे वहिनीनेच शोधून काढलं, "येतले, तोमेरेन च्या पियेवया" म्हणायचं. आई चहा प्यायची आणि विसरायची.

चौथं, पैसे आणि सही. हे मी टेबलावर बसून पाहिलं आहे. योजनेचे किंवा पेन्शनचे कागद घेऊन दरवर्षी येणारा एखादा वृद्ध माणूस. चार वर्षांपूर्वीची सही रेखीव, गेल्या वर्षीची थरथरती, यंदा पेन हातात धरून तो विचारतो, "हांगा कितें बरोवचें?" आम्ही काय म्हणतो? सही जुळत नाही, परत या! तो परत येतो आणि का आलो ते त्याला सांगता येत नाही. थरथर नुसत्या वयाचीही असू शकते, पण आपलं नाव कसं लिहायचं हेच सुचेना झालं तर तो वेगळा इशारा असतो. आम्हा कर्मचाऱ्यांना तो वाचायला कुणी शिकवलेलं नाही. आणि आज पेडण्यात सहीची किंमत किती वाढली आहे हे मी सांगायला नको. 2023 च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि जिथे काजूला कुणी विचारत नव्हतं तिथे जमिनीला भाव आला. ज्याला आजचा वार सांगता येत नाही, त्याच्या एका अंगठ्यावर मुखत्यारपत्र होऊ शकतं. लक्षणं वेळेवर ओळखणं हा म्हणूनच नुसता आरोग्याचा प्रश्न नाही. माणूस शुद्धीत आहे तोवर त्याने आपली इच्छा सांगावी, कागद करावेत, यासाठीही ते लागतं.

याखेरीज स्वभाव पालटतो. भजनाला पहिला येणारा माणूस घराबाहेर पडत नाही. कधी शिवी न दिलेली बाई शिव्या घालते. काहींना मेलेली माणसं समोर दिसतात. अशा वेळी आपल्याकडे देवाचा कौल घेण्याकडे, गाऱ्हाणं घालण्याकडे कल असतो. पेडण्याच्या पुनवेला बाधा झालेल्यांना घेऊन लोक लांबून येतात, हे आपण लहानपणापासून पाहतो. मी श्रद्धेच्या आड येत नाही. देवीला नारळ जरूर ठेवा. पण नारळ ठेवून झाल्यावर डॉक्टरकडेही न्या, एवढंच म्हणणं. देवी त्याला हरकत घेणार नाही.

डॉक्टरकडे नेण्याचं आणखी एक कारण आहे. दरेक गोंधळ हा स्मृतिभ्रंश नसतो. थायरॉइड बिघडणं, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, मनाचं नैराश्य, ऐकू कमी येणं, एखाद्या औषधाचा परिणाम, यांमुळेही माणूस असाच वागू शकतो, आणि यांतलं बरंच काही उपचाराने सुधारतं. गोंधळ एक-दोन दिवसांत एकाएकी आला असेल तर लघवीचा संसर्ग, ताप, साखर खाली जाणं, पक्षाघात असं काही असू शकतं. तेव्हा थांबायचं नाही, त्याच दिवशी न्यायचं. जुना रक्तदाब आणि मधुमेह असेल तर मेंदूतल्या रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश जिन्याच्या पायऱ्यांसारखा एकेक टप्पा खाली उतरतो. हे निदान ओट्यावर बसून होत नाही. आईला आम्ही बांबोळीला नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं, रक्त तपासलं, मेंदूचा स्कॅन केला. जाताना एक काम करा: काय काय बदललं आणि केव्हापासून, ते तारखेसह एका वहीत लिहून न्या. ती वही डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते.

बरं करणारं औषध आज नाही, हे खरं. काही औषधांनी काही जणांची लक्षणं काही काळ सौम्य राहतात, इतकंच. मग निदान करून फायदा काय, असं मला पुष्कळांनी विचारलं. माझं उत्तर एकच आहे. आमच्या घरात निदान झालं त्या दिवशी आई बरी झाली नाही, पण वहिनी निर्दोष सुटली! दादा आणि वहिनी यांच्यातली भांडणं थांबली. मी शनिवारी रात्री पार्सेला जाऊन झोपू लागलो, म्हणजे आठवड्यातून एक रात्र तरी वहिनीला झोप मिळू लागली.

याबाबतीतही गोव्याने काम करून दाखवलं आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या 81 कुटुंबांत एक प्रयोग केला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. मोठे तज्ज्ञ घरोघरी नेणं शक्य नव्हतं. म्हणून थोड्याशा प्रशिक्षणावर इथल्याच, कोंकणी बोलणाऱ्या साध्या माणसांना घरी पाठवलं. त्यांनी आजार म्हणजे काय ते सांगितलं, अवघड वागण्याला कसं तोंड द्यायचं ते दाखवलं, काळजी घेणाऱ्याचं ऐकून घेतलं. काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण त्याने कमी झाला. इतकी साधी गोष्ट गावागावांत पोचायला अजून किती वर्षं लागणार?

हा प्रश्न लहान नाही. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या सुमारे 11 टक्के लोकांचं वय साठीच्या वर होतं, देशाच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या अंदाजानुसार साठीपुढच्या शंभरांतल्या सात जणांहून अधिकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे देशात 88 लाख माणसं. बायकांत प्रमाण जास्त, आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. शिकलेला, कर्तबगार माणूस यातून सुटतोच असंही नाही. ज्यांच्यामुळे कोकण रेल्वे आपल्या पेडण्यातून धावू लागली, त्या जॉर्ज फर्नांडिस यांची अखेरची वर्षं याच आजारात गेली. कुणाच्या प्रेमाच्या कमतरतेमुळे, असं म्हणणार आहोत का आपण?

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा चित्रपट ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. डॉ. मोहन आगाशे यांनी त्यात स्मृती गेलेल्या संस्कृत पंडिताची भूमिका केली आहे. हरवलेल्या त्या म्हाताऱ्याला एका माहुताची बायको सांभाळते. ती त्याला पूर्वी ओळखत नसते, म्हणून तो आधी कोण होता याचा तिला त्रास होत नाही. आहे तसा ती त्याला जेवू घालते. आपल्याला मात्र "आमची आई अशी नव्हती" हे वाक्य गिळता येत नाही.

आता कुणी म्हणेल, मग काय, म्हाताऱ्यांची हेळसांड कुणी करतच नाही? करतात. खरोखर उपाशी ठेवणारी घरंही आहेत. त्यांच्यासाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे, 14567 ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे. मानसिक ताणासाठी 14416 आहे, आणि ती काळजी घेणाऱ्यांसाठीही आहे. माझं म्हणणं एवढंच की तक्रार ऐकली की न्यायनिवाडा करण्याआधी घरात जाऊन बसा. एकदा नव्हे, दोन-तीनदा, जेवणाच्या वेळेला. म्हातारीचं अंग पाहा, वजन पाहा, कपडे पाहा, आणि मग बोला. तक्रार खरी असेल तर ती लपणार नाही. आणि ती आजाराचं लक्षण असेल तर ते घरच्यांना सांगणारे पहिले तुम्हीच असाल. पाहुण्यासमोर, शेजाऱ्यासमोर जे बाहेर येतं ते घरच्यांना सांगायला तिऱ्हाईतच लागतो. हे शेजारधर्माचंच काम आहे.

आई 2022 साली गेली. शेवटच्या वर्षी तिला मी कोण ते कळत नव्हतं. दादालाही ओळखत नव्हती. पण वहिनीच्या हाताचंच जेवायची, दुसऱ्या कुणी घास पुढे केला तर तोंड फिरवायची. तेराव्याला सगळे गेल्यावर मी वहिनीला म्हटलं, "वयनी, म्हजें चुकलें." ती भांडी विसळत होती. म्हणाली, "भावजी, तुमकां खबर नासलें." आणि मग थोडं थांबून, "म्हाकाय नासलें. हांवूय पयलीं तिका रागानच उलयतालें."

खबर नव्हती, हे आम्हा दोघांचंही खरं. पण आता ती आहे. आता आपल्या वाड्यावर कुणी ते वाक्य बोललं तर तुम्ही काय कराल?